आक्का दुखवट्याला निघाल्या

आमच्या घरमालकीणबाईंना मयताचं वेड होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मी खोली बघायला गेले तेव्हा मला ते कुणीही सांगितलं नव्हतं.

शहापुरातली अरुंद गल्ली. वर पत्र्याची एक खोली, खाली त्या एकट्या. मी खानापूरकडची. शिक्षण संपवून बेळगावात एका कामगार संघटनेचं काम करत होते. पत्रकं लिहायची, वाटायची, मच्छे गावातल्या कारखान्यांच्या गेटवर उभं राहून घसा फाडायचा. भाडं ठरलं, नळाची वेळ ठरली, चप्पल कुठं काढायची ते ठरलं. मग बाईंनी विचारलं, "गेल्या वर्षात तुमच्याकडं कोण गेलं काय?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? मेलं काय कोण?"

मी म्हटलं, चुलते गेले. बाई उठल्या, आत गेल्या आणि ताटलीत अर्धी भाकरी, पिठलं आणि हिरवी मिरची घेऊन आल्या. स्वतःच्या हातात उरलेली अर्धी. "बस," म्हणाल्या. "कसं झालं ते सांग."

मला रागच आला. मी खोली बघायला आले होते, सांत्वन करून घ्यायला नव्हे. तरी बसले. आणि सांगत सुटले. चुलत्यांचा खोकला, दवाखान्यात बेडसाठी घातलेले हेलपाटे, भाताची कापणी अर्धी टाकून केलेली धावपळ, आणि शेवटी त्यांनी डॉक्टरला हासडलेली शिवी. भाकरी संपली तेव्हा लक्षात आलं, की चुलत्यांबद्दल इतकं मी आमच्या घरीसुद्धा कुणाशी बोलले नव्हते.

गल्ली त्यांना आक्का म्हणायची. मीही म्हणू लागले.

आक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. डायल फिरवून कुठंही लागत नव्हतं तेव्हा तीन-तीन मिनिटांचा ट्रंक कॉल बुक करावा लागायचा आणि मधे ऑपरेटर असायची, ती ही. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी बाईंच्या कानावरचा तो हेडफोन काही उतरला नव्हता. मी तावातावानं भांडवलदारांबद्दल बोलायला लागले की त्या घड्याळाकडं न बघता म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवू का कट करू?" आणि मी "वाढवा" म्हणायच्या आत भाजी निवडायला लागायच्या. आमच्या संघटनेतले थोरले कार्यकर्ते एकदा घरी आले होते, अर्धा तास बोलले. ते गेल्यावर आक्का म्हणाल्या, "लाइन चांगली होती. माणूस कोण बोलत न्हवतं."

रविवारी त्या मयताच्या जागा बघायला जायच्या. देवदर्शन नाही, हवापालट नाही. कापडी पिशवीत भाकऱ्या, डब्यात पिठलं, पाण्याची बाटली आणि बसायला एक घडीची चटई. पिशवी खांद्याला लावली की आक्का दुखवट्याला निघाल्या, हे गल्लीला कळायचं. कुणाच्या? कुणाच्याही. लष्करी कॅम्पातली जुनी दफनभूमी, लढाईत गेलेल्या पोरांची नावं कोरलेले गावोगावचे दगड, प्लेगात गाव सोडून लोक जिथं झोपड्या घालून राहिले आणि तिथंच गेले ती माळरानं, हायवेवर कुणीतरी हार अडकवलेला कठडा. खानापूरच्या बसमधून जाताना अपघाताच्या एका वळणावर त्यांनी बेल मारायला लावली. कंडक्टर वैतागला. "अज्जी, इल्लि स्टॉप इल्ला." इथं स्टॉप नाही. आक्कांनी त्याला त्याच्याच कानडीत विचारलं, "सत्तवरिगे स्टॉप इत्तेनु?" मेलेल्यांना काय स्टॉप होता? बस थांबली. अख्खी बस आमच्याकडं बघत होती आणि मी मान खाली घालून उतरले.

आमच्याकडं मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, भावकीतले भाकरी-पिठलं घेऊन जातात आणि घरच्यांना दोन घास बळं खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. आक्कांचं म्हणणं एवढंच, की जिथं माणूस मेलं ती जागा म्हणजे मयताचं घरच. मग तिथं सहलीला आल्यासारखं का जायचं? भाकरी घेऊन जायचं. खाली बसायचं. घरचं कोण असलं तर कसं झालं ते विचारायचं आणि गप्प ऐकायचं. कोणच नसलं तर अर्धी आपण खायची, अर्धी कावळ्या-कुत्र्याला ठेवायची.

एकदा मला कॅम्पातल्या दफनभूमीत घेऊन गेल्या. गवत कमरेएवढं. एका थडग्यावरची अक्षरं त्यांनी पदरानं पुसली आणि शेजारी चटई टाकली. मी उभीच राहिले.

"आक्का, हे गोरे शिपाई आहेत. राज्य करायला आले होते. आपल्या लोकांवर बंदुका चालवल्या यांनी. यांना भाकरी?"

"हे पोरगं राज्य करत होतं व्हय? बघ की. वीस बी वर्षं न्हाईत. तापानं मेलंय इथं येऊन. बंदूक साफ करता करताच जन्म गेला असंल."

"साम्राज्यवादाचा हस्तकच ना?"

"व्हय. आणि ह्याची आई तिकडं समुद्रापल्याड. तिच्याकडं कोण गेलं असंल कडू घास घेऊन?" भाकरी मोडत म्हणाल्या, "साम्राज्याचं तू बघ. पोराचं मी बघतो."

आमच्याकडं बायकासुद्धा 'बघतो, जातो'च म्हणतात. मी शहरात शिकून 'बघते' झाले. आक्का झाल्या नाहीत.

मी त्या दिवशी खाल्लं नाही, तत्त्व म्हणून. आक्कांनी आग्रह केला नाही. माझा वाटा एका खारीनं नेला.

दुसऱ्या एका प्रसंगात मात्र माझ्याजवळ तत्त्व उरलं नाही. खानापूर रस्त्यावरच्या एका गावात लष्करातल्या एका जवानाचा पुतळा उभारला होता. त्याच्या स्मृतिदिनाला मी संघटनेच्या पोरांबरोबर गेले होते. स्पीकर, हार, दोन आमदार, 'अमर रहे'. पुतळ्याच्या बंदुकीला हात लावून पोरं फोटो काढत होती, काही तर परगावाहून नुसती रील करायला आली होती. मी घोषणा देऊन घसा बसवून घेतला. गर्दी पांगायच्या आत आक्का कुठून तरी उगवल्या. मला कोपराला धरून पुतळ्याच्या मागं नेलं. तिथं, हाकेच्या अंतरावर, त्या जवानाचं घर होतं. आत त्याची आई चुलीजवळ दाराकडं पाठ करून बसलेली.

आक्कांनी पिशवी उघडली. बाई म्हणाली, "वरीस झालं आता त्याला. आता कसला कडू घास?"

"मला आज टाइम मिळाला."

बाई हसली. मग बोलली. पोराचं फोनवर पहिलं वाक्य काय असायचं, तर 'म्हैस कशी हाय?' आई-बाप नंतर. शेवटच्या फोनला म्हैस व्यायली होती आणि तो रेडकू दाखवा, रेडकू दाखवा म्हणून हट्ट करत होता. घरात कुणाला व्हिडिओ लावता येईना. नेटवर्क गेलं. "रेडकू दाखवायचं राहिलं बघा," बाई म्हणाली. बाहेर स्पीकरवर कुणीतरी त्याच्या शौर्याबद्दल बोलत होतं आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण हार घालायला आलेल्या त्या सगळ्या गर्दीतलं एकही माणूस पुतळा ओलांडून ह्या उंबऱ्यापर्यंत आलं नव्हतं. मीही नाही. मी गावात सकाळपासून होते.

येताना बसमध्ये मी आक्कांना विचारलं, हे खूळ कधीपासून?

त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. त्यांच्या ड्यूटीच्या काळात मयताचे कॉल त्यांच्या हातातून जायचे. गावात एकच फोन, किराणा दुकानात नाहीतर डेअरीत. पलीकडून कुणीतरी सांगायचं, अमक्याच्या घरच्यांना बोलवा. अपघात असायचा, कधी पलटणीतून निरोप असायचा. दुकानदार माणूस बोलवायला पोरगं पाठवायचा आणि लाइन तशीच धरून ठेवायची. "मला म्हाईत असायचं गं. त्या घरात अजून म्हाईत नसायचं. कानात आवाज यायचा, दुकानातल्या रेडिओचा, कुणीतरी गूळ मागतंय त्याचा. मग पळत आलेल्या चपला. मग हॅलो. आणि मी काय बोलायचं? कायदा असा, की ऑपरेटरनं मधे बोलायचं न्हाय. प्लग लावायचा आणि गप बसायचं." मग म्हणाल्या, "एवढ्या घरांचं सगळ्यात आधी मला कळलं. आणि दुखवट्याला एकाकडं गेलो न्हाय. रजा कोण देणार?"

आता निपाणीचं सांगते. कारण आक्कांचं खूळ खूळ राहिलं नाही, ते तिथं.

निपाणीत जुन्या तंबाखूच्या वखारी पुष्कळ. त्यातल्या एकीला फार वर्षांपूर्वी आग लागली होती. बायका आत पानं निवडत होत्या आणि शटरला बाहेरून कुलूप होतं. किती गेल्या ह्यावर लोक अजून वाद घालतात. कुलूप कुणी लावलं ह्यावर कुणी वाद घालत नाही, कारण आमची पत्रकं सोडली तर ते कुणी विचारतच नाही. वखार बंद पडली. आणि हल्ली तिचा धंदा झाला. पुण्याकडून, कोल्हापूरकडून शनिवार-रविवारच्या सहली येऊ लागल्या. 'भुताची वखार.' तिकीट काढायचं, काळोखात शिरायचं. गाइड मोबाइलला लावलेल्या स्पीकरवर बाईचं रडणं वाजवणार, कुणीतरी मागून शटर बडवणार, लोक किंचाळणार, हसणार, रील टाकणार. माणसं जळाली त्या जागेवर करमणूक! मला सांगा, हे वाचून तुमचं डोकं फिरत नसेल तर तुमचं डोकं तपासून घ्या.

मागच्याच गल्लीत मंगल राहते. विड्या वळते, संघटनेच्या कामातून माझी ओळख. तिची आई त्या आगीत गेली, तेव्हा मंगल पाळण्यातून नुकती बाहेर आलेली. तिची मुलगी पल्लवी आठवीत. सहली सुरू झाल्यापासून शाळेत पोरं पल्लवी वर्गात आली की मोबाइलवर ते रडणं वाजवायची. 'भुताची नात' म्हणायची. पल्लवीनं आधी वखारीवरचा रस्ता सोडला, मग शाळाच सोडली. पोटात दुखतं म्हणून घरात बसून आईबरोबर विड्या वळू लागली. मंगल एवढंच म्हणाली, "माझ्या आईनं हेच केलं, मी हेच केलं. ही शिकंल असं वाटलं होतं." मी म्हटलं, मोर्च्यात ये, स्टेजवर बोल. ती म्हणाली, "काय बोलू? भूत हाय न्हाय म्हणून सांगू?"

मी पत्रक लिहिलं. 'मृतांचा बाजार बंद करा!' रविवारी वखारीच्या शटरसमोर आडवं पडायचं ठरवलं. छपाईला देण्याआधी आक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी तीन मिनिटांनी कट केलं नाही, हेच आश्चर्य. शेवटी म्हणाल्या, "कोण मेलं ते कुठं हाय ह्यात?"

"हे काय. 'शोषणाच्या बळी ठरलेल्या कष्टकरी भगिनी.'"

"बळी बकऱ्याचा देतात. मंगलच्या आईला काय म्हणून हाक मारत होते?"

मला माहीत नव्हतं.

"ते पलीकडचे तिला भूत म्हणतात, तू बळी म्हणतीस. ती बाई कधी यायची गं ह्यात?" आणि पीठ मळायला उठल्या.

शनिवारी त्या एकट्याच निपाणीला जाऊन आल्या. मंगलला सांगितलं, "उद्या तुझ्याकडं दुखवट्याला माणसं येणार. दार उघडं ठेव."

"एवढ्या वर्षांनी?"

"उशीर झाला खरा. रस्त्यात अडकलो म्हणायचं."

हे मला मंगलनं नंतर सांगितलं. मला आक्का एवढंच म्हणाल्या, की तुझं आडवं पडणं अर्धा तास उशिरानं कर.

रविवारी संध्याकाळी पुण्याची मिनीबस आली. आम्ही पाच-सहा जण बॅनर घेऊन रस्त्यापलीकडं. आक्का सरळ गेल्या आणि तिकीट काढलं. मी हबकले. त्यांना एकटं सोडवेना म्हणून मीही तिकीट काढलं. होय, आयुष्यात पहिल्यांदा शत्रूच्या गल्ल्यात पैसे टाकले.

गाइड प्रवीण म्हणून पोरगा होता. काळा टीशर्ट, त्यावर कवटी. आत तंबाखूचा वास अजून तसाच, भिंतींत मुरलेला. निम्मे लोक शिंकत होते. प्रवीणनं आवाज खाली नेला. "आजही, त्या रात्रीच्या ज्वाळांत होरपळलेली ती स्त्री..."

"रात्र कुठली?" आक्का म्हणाल्या. "दिवसा कामाला येतात बायका."

लोक हसले. प्रवीणनं स्पीकर लावला. रडणं घुमलं. आक्कांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "तिचं नाव काय?"

"आज्जी, स्टोरीत नाव नाही."

"तू कुठला रं?"

"इथलाच. पलीकडच्या गल्लीतला."

"मग तिच्या घरी दुखवट्याला गेलतास काय?"

"आज्जी, मी जन्मलो पण नव्हतो तेव्हा!"

"आता जन्मलास न्हवं?"

आक्का लोकांकडं वळल्या. "चला. तिचं घर मागच्या गल्लीत हाय. तिकिटात धरा."

आणि ते सगळे निघाले! त्यांना वाटलं, हा सहलीचाच भाग आहे. भुताचं घर! मोबाइल उंच धरून, एकमेकांना ढकलत, आक्कांच्या मागं मिरवणूक. प्रवीण "अहो, तिकडं नाही, अहो" करत मागं. रस्त्यापलीकडं आमची पोरं बॅनर धरून उभी. घोषणा द्यावी तर कुणाच्या विरुद्ध, हे त्यांना कळेना.

मंगलचं दार उघडं होतं. आक्का चप्पल काढून आत गेल्या आणि जमिनीवर बसल्या. मागचे उंबऱ्यात अडखळले. घरात भूत नव्हतं. सुपात तेंदूची पानं होती, भिंतीला टेकून बसलेली एक बाई होती आणि आतल्या दाराच्या पडद्याखाली पल्लवीचे पाय दिसत होते. एकेक करून लोकांनी बूट काढले. पुण्याची एक मुलगी मोबाइलनं शूट करतच होती. आक्का तिला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी भाकरी मोडली, वर पिठलं घातलं आणि तिच्या मोबाइलच्या हाताकडं धरली. तिच्या दुसऱ्या हातात आधीच पाण्याची बाटली. मुलीनं एक क्षण बघितलं आणि मोबाइल खाली ठेवला. मग सगळ्यांच्याच हातात भाकरी आली.

प्रवीण दारात उभा होता. आक्कांनी त्याच्यापुढं घास धरला. "कडू घास हाय. घे." तो इथलाच पोरगा. त्याच्या घरात माणसं गेली असतील, त्यानं असे घास खाल्ले असतील, दुसऱ्याच्या दारी नेले असतील. ह्या घासाला आमच्या भागात कुणी नाही म्हणत नाही, म्हणता येत नाही. त्यानं खिशात हात घालून स्पीकर बंद केला. मग दाराशी, पुरुष बसतात तसा, मांडी घालून बसला.

"कसं झालं?" आक्कांनी मंगलला विचारलं.

मंगलनं सूप बाजूला सारलं. "मला न्हाय म्हाईत," म्हणाली. "मी लहान होतो. सकाळी गेलती म्हणतात. मला तिचं तोंड बी याद न्हाय. मला कोण कधी ह्याच्यातलं काय सांगितलंच न्हाय. विचारायला बी भ्या वाटायचं."

मला वाटलं, संपलं. आक्का चुकल्या. बाईला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. मी उठणार होते.

"गौरामावशी," दाराकडून आवाज आला. प्रवीण भाकरीकडं बघत बोलत होता. "गौरामावशी म्हणायची माझी आज्जी. आज्जी पण त्याच वखारीत होती. त्या दिवशी ताप आलता म्हणून घरात राहिली. आगीचं कधी बोलली न्हाय. पण गौरामावशीला शिव्या घालायची."

"शिव्या?" मंगल ताठ झाली.

"चटणीवरनं. आज्जी डब्यात कारळ्याची काळी चटणी न्यायची. तुमची आई रोज पळवायची. आज्जी डबा पोत्यात लपवायची, पानांच्या ढिगात लपवायची. जेवायची सुट्टी झाली की डबा हाय, चटणी न्हाय! आणि तोंड काळं करून बसलेली असायची म्हणं, वर विचारायची, 'कुणी खाल्ली गं?'"

पुण्याची ती मुलगी फिस्सकन हसली आणि लाजून तिनं तोंड दाबलं. पण मंगलच हसत होती. हसता हसता पदर डोळ्याला लावत होती. "कारळ्याची?" तिनं पुन्हा विचारलं. "खरं?"

"आईशप्पत. आज्जी मरेपर्यंत कारळ्याची चटणी वाटताना म्हणायची, गौरे, ये, घे आता."

"मला बी तीच लई आवडतीय," मंगल म्हणाली.

पडदा हलला. "मला बी," पल्लवी म्हणाली आणि बाहेर आली. प्रवीणसमोर येऊन उभी राहिली. "आणखी काय करायची ती?"

प्रवीणला आणखी बरंच येत होतं. सुपरवायझरची नक्कल करायची. पावसात वखारीतून घरी पळताना सगळ्यांच्या पुढं. पाळण्यातल्या पोरीला बघायला दुपारी भिंतीवरून उडी मारून यायची, हे सांगताना तो थांबला आणि त्यानं मंगलकडं बघितलं. खोलीत कुणी भाकरी चावत नव्हतं.

मग मंगल माझ्याकडं वळली. "तुम्ही ते सारखं म्हणता न्हवं, शटरचं कुलूप कुणी लावलं म्हणून? ते अजून विचारता येतंय काय?"

"येतंय," मी म्हटलं.

"मग विचारूया. मी येतो."

कित्येक महिने मी ते पत्रकात छापत होते. आक्का माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आता लिही."

पुढचं थोडक्यात. प्रवीण अजून सहली आणतो, पण त्यांचं नाव बदललंय आणि रडणारा स्पीकर गेला. माणसं आधी मंगलच्या ओट्यावर बसतात, मग वखारीत जातात. आणखी दोन घरांनी दारं उघडलीत. कुलपाचा अर्ज मंगलच्या सहीनं गेलाय, मागे आता पुष्कळ सह्या आहेत. उत्तर आलेलं नाही, आम्ही सोडणार नाही. वखार पाडून तिथं दुकानं काढायचा मालकाचा बेत आहे. तो आम्ही होऊ देणार नाही, आणि हे मी धमकी म्हणूनच लिहिते आहे. आक्का गुडघ्यांमुळं भाचीकडं धारवाडला राहायला गेल्या. तिथल्या गल्लीलाही एव्हाना त्यांच्या पिशवीची सवय झाली असणार. मी खोली सोडली, निपाणीत राहते. आणि हल्ली कुठंही स्मारकावर गेले की घोषणेआधी विचारते, घर कुठं आहे.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं.

मिनीबसचा हॉर्न वाजला. लोक उठले, बूट शोधू लागले. मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, नुसतं उठून चालू पडायचं. आमच्याकडं हे लहान पोराला कळतं. पुण्याच्या त्या मुलीला कोण सांगणार? तिनं मंगलला हात जोडले आणि तोंडभरून म्हणाली, "येते हं मी."

प्रवीणनं जीभ चावली. शेजारणी दारातून डोकावत होत्या, त्यांच्यातली एक 'अगं बाई' म्हणाली. मुलगी गोंधळून एकेकाकडं बघत राहिली. काय चुकलं ते तिला कळेना. मी मंगलकडं बघितलं, मंगल आक्कांकडं बघत होती, आणि आक्का चटईची घडी घालत होत्या, जणू ऐकलंच नाही.

पल्लवी पुढं झाली. त्या मुलीच्या हातात तिचा खाली राहिलेला मोबाइल दिला.

"ये की," म्हणाली. "पुढच्या रविवारी ये. शनिवारी शाळेतनं आल्यावर मी कारळ्याची चटणी करून ठेवणार हाय."